लॅटिनचा तास: इटलीतील शाळा आणि आपण

११ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची सभा नेहमीप्रमाणे चालू होती. ओत्रांतोचे हुतात्मे व दोन धर्मभगिनी यांच्या संतपद-घोषणेची तारीख निश्चित करण्यात आली. त्यानंतर पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लॅटिनमधून एक छोटे निवेदन वाचले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते ऐकत असलेल्या जोव्हान्ना किर्री या इटालियन पत्रकार महिलेला त्याचा अर्थ तत्काळ उमगला: पोप पदत्याग करीत होते! १४१५ नंतर असे घडले नव्हते. जगाला ही बातमी सर्वप्रथम त्यांनी दिली. लॅटिनला 'मृत भाषा' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवून पाहावा.

ही भाषा शाळेत कशी शिकवितात, हे पाहण्यासाठी इटलीइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. तेथील 'लिचेओ क्लासिको' ही चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची पाच वर्षांची माध्यमिक शाळा होय. पहिली दोन वर्षे आठवड्याला लॅटिनचे पाच तास व प्राचीन ग्रीकचे चार. पुढील तीन वर्षे अनुक्रमे चार व तीन. अंतिम परीक्षेत प्राचीन लेखकाच्या उताऱ्याचा अनुवाद करावा लागतो. शब्दकोश जवळ बाळगण्यास मुभा असते. हा मार्ग स्वीकारणारे विद्यार्थी आज शंभरांत पाच-सहाच असतात.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले, त्यांना लॅटिन फारशी परकी वाटणार नाही. संस्कृतात 'रामम्', तसे लॅटिनमध्ये 'पाउलुम', म्हणजे 'पौलाला'. 'पेत्रुस पाउलुम व्हिदेत' म्हणजे 'पेत्र पौलाला पाहतो'. शब्दांची अदलाबदल केली तरी अर्थ तोच राहतो, कारण तो क्रमात नसून प्रत्ययात असतो. पातेर, मातेर, नोमेन, सेप्तेम, इग्निस हे शब्द मोठ्याने उच्चारावेत. पिता, माता, नाम, सप्त, अग्नी आपोआप ओठांवर येतात. ही मुले पाठांतर पुष्कळ करतात, पण खरी शिस्त एकेका शब्दापाशी थांबून त्याचे वाक्यातील नाते शोधण्याची असते. घाईच्या या काळात ती सवय आम्हांला व्याकरणाहूनही मोलाची वाटते.

भाषेबरोबर प्राचीन जगही येते. रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. ६४ च्या रोममधील आगीविषयी लिहिताना, पिलाताच्या हातून ख्रिस्ताला देहदंड झाल्याचे सांगतो. इ. स. ११२ च्या सुमारास सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्राजानला कळवितो, की हे ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. दोघेही आपले मित्र नव्हेत. म्हणूनच श्रद्धावंताला त्यांची साक्ष मोलाची! थोरल्या प्लिनीची तर वेगळीच तक्रार आहे: हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्याच शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या सोपाऱ्याचे नाव येते. हे प्राचीन जग वसईकरांपासून तितकेसे दूर नाही.

तथापि या शिक्षणाची एक काळी बाजूही होती. १९६२ पूर्वी इटलीत प्राथमिक शाळा संपताच, अकराव्या वर्षीच, मुलांच्या वाटा वेगळ्या होत. लॅटिन असलेल्या शाळेत जाणाऱ्याला पुढे विद्यापीठ खुले. कामगार-शेतकऱ्यांची मुले बहुधा लॅटिनविना, व्यवसायशिक्षणाकडे. ३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने सर्वांसाठी एकच मधली शाळा आली. तिच्यात लॅटिन उरली ती थोडीशी व ऐच्छिक. १९७७ मध्ये तीही गेली. गरीब मुलांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत एक धर्मगुरूही होते: डोंगरातील बार्बियाना गावचे डॉन लोरेन्झो मिलानी. नापास होऊन शाळेबाहेर पडलेल्या मुलांची कैफियत त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६७ साली पुस्तकरूपाने मांडली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. आमच्या मते दोष लॅटिनचा नव्हता. तिला दाराचे कुलूप करणाऱ्यांचा होता.

योगायोग असा, की त्याच १९६२ च्या फेब्रुवारीत पोप जॉन तेविसावे यांनी धर्मगुरूंच्या शिक्षणात लॅटिन दृढ करण्याचा आदेश काढला होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, आणि कालांतराने मिस्सा मराठीत आली. आपले वडीलधारे लॅटिन गायने मुखोद्गत म्हणत, अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असे. (त्यांतील 'किरिये' तर लॅटिनही नव्हे, ग्रीक आहे!) मराठी मिस्सेमुळे आपण जे कमावले, ते अनमोल आहे. धर्मविद्यार्थ्यांना लॅटिन चांगली अवगत असावी, असे १९८३ ची धर्मसंहिता आजही सांगते. पण प्रापंचिकांच्या मुलांसाठी असे काही कोणी सांगितलेले नाही.

इटलीत आता वारे पुन्हा फिरले आहेत. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या शालेय धोरणात मधल्या शाळेच्या दुसऱ्या वर्षापासून लॅटिनची पुन्हा सोय करण्यात आली आहे. या वेळी ती ऐच्छिक आहे, आणि तिच्यावाचून पुढची कोणतीही वाट बंद होत नाही.