दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी

इसवी सनाच्या सातव्या शतकात इजायना येथील पॉल या ग्रीक वैद्याने रचलेल्या वैद्यकग्रंथात पुरुषाच्या वाढलेल्या स्तनांवर करावयाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आढळते. स्तनाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा, आतील मेद काढावा आणि जखम शिवावी. स्तन फारच लोंबत असेल तर दोन छेद घेऊन मधली त्वचाही काढून टाकावी, असा त्याचा विधी आहे. आणि हा खटाटोप का करावा याचे कारण देताना, या विकाराने पुरुषावर बायकीपणाचा ठपका येतो म्हणून, असे तो निःसंकोचपणे सांगतो. तेराशे वर्षांत हत्यारे बदलली, भूल आली, प्रतिजैविके आली, परंतु रुग्णाला शल्यविशारदाच्या दारी आणणारे कारण बहुतांशी तेच राहिले. शस्त्रक्रिया होऊनही ते कारण दूर झाले नाही तर त्या माणसाने काय करावे, याचा विचार मात्र आपल्याकडे मोकळेपणाने होत नाही.

गायनेकोमास्टिया या नावाने ओळखला जाणारा हा विकार दुर्मिळ नव्हे. वयात येताना संप्रेरकांचा तोल ढळतो तेव्हा अनेक मुलांच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते आणि बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. काहींची विरत नाही. काहींना ती प्रौढपणी यकृताच्या विकाराने, अंडकोशातील गाठीने, स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनॅस्टेराइडसारख्या औषधाने, अथवा व्यायामशाळेत गुपचूप टोचून घेतलेल्या स्टेरॉइडने नव्याने येते. असा तरुण तालमीत लंगोट लावून उतरत नाही, गावच्या विहिरीवर पोहायला जात नाही, घरच्या सत्यनारायणाला सोवळे नेसून उघड्या अंगाने बसण्याची पाळी आली की काही तरी निमित्त काढतो, वैशाखातही सदऱ्याखाली दोन बनियन घालतो आणि खांदे पुढे झुकवून चालण्याची त्याला इतकी सवय जडते की पुढे ती त्याच्या पाठीच्या कण्यातच मुरते. वर्षानुवर्षे पैसे साठवून, बहुधा घरी हर्नियाचे किंवा एखाद्या गाठीचे ऑपरेशन असल्याची थाप मारून तो शस्त्रक्रिया करून घेतो. आणि छातीवरचा दाबाचा पट्टा सुटल्यावर आरशात छाती मनासारखी दिसली नाही, तर जी गोष्ट त्याने मुळात कोणाला सांगितलीच नव्हती तिच्या निष्फळतेची कैफियत तो कोणापुढे मांडणार? ही मूक निराशा मला त्या शारीरिक व्यंगापेक्षा अधिक जाचक वाटते, कारण तिच्याच भरात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेतला जातो.

निराशा एकच असली तरी तिची कारणे निरनिराळी असतात, आणि कोणते कारण आपले आहे हे ठरल्याशिवाय उपायाची तजवीज करणे व्यर्थ होय. पुरुषाच्या वाढलेल्या स्तनात दोन पदार्थ असतात: एक, स्तनाग्रामागे चकतीसारखी बसलेली, चिवट, तंतुमय ग्रंथी, दुसरा, तिच्याभोवती पसरलेला मऊ मेद. न्यूयॉर्कचे शल्यविशारद जेरोम वेबस्टर यांनी १९४६ साली स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या आत अर्धवर्तुळाकार छेद घेऊन ग्रंथी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि व्रण त्या वर्तुळात लपत असल्यामुळे ती आजही रूढ आहे. पुढे १९८०च्या दशकात नळीने चरबी शोषून घेण्याची, म्हणजे लायपोसक्शनची, विद्या आली. ती मेदापुरती उत्तम. पण चिवट ग्रंथी साध्या नळीला सहसा दाद देत नाही, आणि केवळ लायपोसक्शनवर भागवले गेले की छाती सपाट होऊनही स्तनाग्रे मात्र फुगीर राहतात. उताणे निजून, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्तनाग्रामागचा भाग धरून पाहावा: रबरासारखी घट्ट, कडा जाणवणारी चकती हाताला लागली तर ग्रंथी उरली असल्याचा तर्क करता येतो, पण त्याचा निर्वाळा तज्ज्ञाच्या तपासणीने व गरज पडल्यास सोनोग्राफीनेच मिळतो, कारण पहिल्या काही महिन्यांत आतला व्रणही असाच घट्ट लागतो.

म्हणूनच काळाचा हिशेब आधी करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे दाब देणारी बनियन घालावी लागते. सूज बरीचशी याच काळात उतरते, परंतु उरलेली सूज, आतला घट्टपणा आणि त्वचेचे आकुंचन यांना सहा महिने, कित्येकदा वर्षही लागते, आणि बाहेरचा व्रण निवळून फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. तिसऱ्या महिन्यात दिसणारी छाती ही अंतिम छाती नव्हे. बधिर झालेले स्तनाग्र बहुधा याच अवधीत हळूहळू शुद्धीवर येते, क्वचित कायमचे मंद राहते. या प्रतीक्षेला अपवाद दोनच, आणि ते ध्यानात ठेवलेच पाहिजेत: शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत एखादी बाजू एकाएकी ताणून फुगली व ठणकू लागली, तर आत रक्त साठत असण्याचा संभव असतो, ताप येऊन जखम लालबुंद झाली, तर जंतुसंसर्गाचा. तेव्हा क्षणाचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. अपुऱ्या शस्त्रक्रियेची निराशा आणि अतिरेकी शस्त्रक्रियेची निराशा या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि रुग्णांना ते बहुधा ठाऊक नसते. जे उरले आहे ते पुन्हा त्याच जुन्या व्रणातून काढता येते. जे अधिक काढले गेले ते परत आणणे फार कठीण. स्तनाग्रामागची ग्रंथी मुळापासून खरवडून काढली की तिथे आधार उरत नाही, त्वचा खालच्या स्नायूच्या आवरणाला जाऊन चिकटते आणि भोवतीचा मेद तसाच उंच राहिल्यामुळे मधोमध खळगा पडतो. शल्यविशारद त्याला बशीचे नाव देतात. माणूस स्वस्थ उभा असताना हा खळगा कदाचित लक्षात येत नाही. पण त्याने हात डोक्यावर नेले किंवा छातीचा स्नायू आवळला की स्तनाग्र आत ओढले जाते, वर्तुळाच्या कडेला सुरकुती उमटते आणि व्रणाखालची चिकट जागा स्पष्ट दिसते. तपासणारा निष्णात डॉक्टर रुग्णाला मुद्दाम हात वर करायला, कमरेवर दाबायला आणि थोडे पुढे वाकायला सांगतो तो यासाठीच, आणि जो बसल्या बसल्या एका दृष्टिक्षेपात दुरुस्तीचा दर सांगतो त्याच्याकडून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा खळगा टाळण्यासाठी जाणते शल्यविशारद स्तनाग्रामागे साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम राखून ठेवतात. परंतु वर्षानुवर्षे त्या उंचवट्याचा तिरस्कार करीत आलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काय म्हणतो? ‘डॉक्टर, सगळं काढून टाका, काही म्हणजे काही ठेवू नका.’ त्याची व्यथा खरी आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. पण त्या आर्जवाला भुलून हात सैल सोडणारा डॉक्टर त्याच्यावर उपकार करीत नाही, आणि पुरुषाची छाती ही फळीसारखी सपाट असते हा समज त्याने त्याच वेळी खोडून काढायला हवा. ज्याची थोडी ग्रंथी उरली आहे, त्याला मी दुर्दैवी मानत नाही. त्याच्या तक्रारीला उपाय आहे, आणि तो पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा बहुधा लहानच असतो.

खळग्याचा उपाय असा असतो. आधी चिकटलेली त्वचा स्नायूपासून सोडवावी लागते. नंतर शेजारचा मेदाचा पदर सरकवून किंवा पोट-मांडीतून शोषलेली चरबी शुद्ध करून बारीक सुईने थराथराने भरावी लागते. आणि भोवतीचा उंच राहिलेला कडेचा मेद थोडा उतरवावा लागतो, म्हणजे दरी भरताना डोंगरही थोडा खाली येतो. भरलेल्या चरबीपैकी काही भाग पुढच्या महिन्यांत शरीर शोषून घेते, आणि व्रणाने कडक झालेल्या जागी रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे ती कमीच रुजते. म्हणून एका बैठकीत काम भागेलच असे नाही. हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तीच दाब देणारी बनियन, तीच सूज आणि तीच महिन्यांची प्रतीक्षा पुन्हा नव्याने सुरू होते.

त्वचेची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तरुणाची लवचीक त्वचा आकसते. चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेल्या माणसाची आकसत नाही, आणि तिथे अधिकची त्वचा कापून लांब व्रण पत्करावा लागतो. काही शल्यविशारद पहिल्या वेळी फक्त आतला भाग काढतात व त्वचा किती आकसते ते सहा महिने ते वर्षभर पाहून मगच कापतात. अशा वेळी दुसरी शस्त्रक्रिया हे अपयश नसून मूळ योजनेचाच उत्तरार्ध असतो. व्रण जाड होऊन उठला असेल, आणि छातीवर तशी प्रवृत्ती अधिक असते, तर सुरी उचलण्यापूर्वी सिलिकॉनच्या पट्ट्या व व्रणात टोचायची स्टेरॉइडची इंजेक्शने यांचा मार्ग चोखाळावा. आणि छाती सुरुवातीला चांगली होऊन वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा भरू लागली असेल, तर प्रथम वजन, मद्य, नवी औषधे, व्यायामशाळेतील पुड्या आणि संप्रेरकांच्या रक्ततपासण्या पाहाव्यात, कारण मूळ कारण चालू ठेवून केलेली दुरुस्ती टिकत नाही. नव्याने वाढणारी एका बाजूची कठीण गाठ किंवा स्तनाग्रातून येणारा स्राव असेल, तर तो दुरुस्तीचा प्रश्नच राहत नाही. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग क्वचित होतो आणि त्याची तपासणी आधी झाली पाहिजे.

याउपर एक नाजूक भाग राहतो. शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे समोर ठेवली म्हणजे कित्येकदा दिसते की डावी-उजवी बाजू आधीपासूनच विषम होती, बरगड्यांची ठेवण किंवा स्नायूची जाडी निराळी होती, आणि जो फरक पूर्वी उंचवट्याखाली झाकला होता तो आता उघडा पडला आहे. असा किंचित फरक जवळजवळ प्रत्येक शरीरात असतो. परंतु एखादा माणूस रोज तासन्‌तास आरशापुढे घालवत असेल, दर आठवड्याला छायाचित्रे काढून मोजत असेल, त्यापायी नोकरी आणि घरची माणसे यांपासून तुटत असेल, तर तिसऱ्या शस्त्रक्रियेनेही त्याला शांती मिळण्याचा संभव कमी असतो. मनोविकारतज्ज्ञाकडे त्याने जावे हे सांगताना त्याला वेडा ठरवले जाऊ नये, इतके सौजन्य डॉक्टरांनी आणि घरच्यांनी दाखवावे. तोही तितकाच खरा दुःखी आहे.

दुरुस्ती पहिल्याच डॉक्टरकडे करावी की दुसऱ्याकडे, याविषयी माझे मत असे की प्रथम भेट पहिल्याकडेच असावी. आत काय काढले, काय ठेवले हे त्याला ठाऊक असते, आणि अनेकजण किरकोळ दुरुस्तीसाठी निराळी फी घेत नाहीत. भूल व रुग्णालय यांचा खर्च मात्र बहुधा पडतोच, आणि आरोग्यविमा सौंदर्यशस्त्रक्रियेचा भार सामान्यतः उचलत नाही. पहिला डॉक्टर भेटायचे टाळत असेल, तक्रार हसण्यावारी नेत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. मात्र त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे काय, आणि अशा दुरुस्तीची त्याची स्वतःची छायाचित्रे आहेत काय, याची खातरजमा करावी. तक्रार कायद्याच्या वाटेने नेण्याचा विचार असेल तर हे ठाऊक असावे: सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शांता खटल्यात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली आणि २००८ च्या समीरा कोहली खटल्यात समजून-उमजून दिलेल्या संमतीचा दंडक स्पष्ट केला. ग्राहक आयोगापुढे फिर्याद दाखल करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते. मात्र मनासारखा निकाल न मिळणे हे आपोआप हयगयीचे प्रमाण ठरत नाही.

कज्जा करायचा असो वा नसो, आपले दप्तर मागून घ्यावे. तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्यात शस्त्रक्रियेची टिपणे, संमतिपत्र, आधीची छायाचित्रे आणि काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजीचा अहवाल असावा. ग्रंथी तपासणीला पाठवलीच नसेल तर तसे लेखी घ्यावे. या दप्तराची गरज न्यायाधीशाला पडण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या शल्यविशारदाला पडते, कारण डाव्या बाजूने किती ग्रॅम ग्रंथी निघाली, उजव्या बाजूने किती मिलिलिटर चरबी शोषली गेली आणि स्तनाग्रामागे थर राखला होता की नाही, हे त्या टिपणांखेरीज त्याला दुसरीकडे कुठेच वाचायला मिळत नाही.