गाडीचं इंजिन: आपण उघडायचं की मिस्त्रीला द्यायचं?

समजा, आपल्या गटानं भाजी बाजाराला न्यायला जुनी डिझेल पिकअप घेतली. वर्षभर ती नीट चालली. आता ती धूर सोडते, चढावर दम खाते. मिस्त्री म्हणतो, "इंजिनचं काम काढावं लागेल." कुणाच्या तरी घरी गाड्यांची जाण असलेला मुलगा किंवा मुलगी असते. ती म्हणते, "कशाला पैसे घालवता? आपणच करू." गटाचे पैसे आहेत, बँकेचा हप्ता चालू आहे. अशा वेळी निर्णय कसा घ्यायचा, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, खरंच इंजिन उघडायची गरज आहे का? धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर धुळीनं भरला असेल तरी असं होतं, आणि तो बदलणं स्वस्त आहे. निळसर धूर निघत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर ऑइल आत जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असतील. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत गेलं, तर हेड गॅसकेटवर संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर ऑइलमध्ये पाणी गेलं असण्याची शक्यता आहे. तशी गाडी चालवू नका.

गाडी नुसती तापत असेल, तर आधी पंखा, पट्टा, पाण्याचे पाइप आणि थर्मोस्टॅट तपासा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. कुठल्या सिलिंडरचा दाब कमी आहे, ते त्यातून कळतं. डिझेल इंजिनला त्याचाच जास्त दाबाचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही.

दुसरी गोष्ट, काम कुठवर जाणार? हेड उतरवणं पाना फिरवणाऱ्याला जमेल. पण उतरवलेलं हेड वाकलंय का, ते सपाट पट्टीनं मोजावं लागतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका बाकसुद्धा नवं गॅसकेट टिकू देत नाही. हेड घासून सपाट करणं किंवा सिलिंडरचं बोअरिंग करणं घरी होत नाही. त्यासाठी लेथ-बोअरिंगच्या दुकानात जावंच लागतं. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या ताकदीनं, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. त्याला टॉर्क पाना आणि त्या मॉडेलचं पुस्तक हवं. टायमिंग चुकलं, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि छोटं काम मोठं होतं.

तिसरी गोष्ट, हिशेब. मजुरीचाच आकडा बघू नका. धरून चला, मिस्त्रीची मजुरी बारा हजार, आणि तो पाच दिवसांत गाडी देतो. आपल्याला पंधरा दिवस लागतील. जास्तीचे दहा दिवस भाड्याची गाडी, रोज हजार, म्हणजे दहा हजार. हत्यारांचे चार हजार. झाले चौदा हजार. वाचवायला गेलो बारा, गेले चौदा. हीच गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालणारी असती आणि हत्यारं घरात असती, तर उत्तर वेगळं आलं असतं.

जागाही बघा. उघडं इंजिन अंगणातल्या धुळीत ठेवता येत नाही. इंजिन उतरवायला भक्कम साखळी-पुली लागते, घराच्या आढ्याला ते लटकवू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, पक्के स्टँड हवेतच.

यात मधला रस्ताही आहे. फिल्टर, पट्टे, पाणी, ऑइल ही कामं आपण शिकून घ्यायची. इंजिनचं काम मिस्त्रीला द्यायचं, पण डोळे उघडे ठेवून. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लिहून घ्या. "हेड तपासायला कुठे देणार?" असं विचारा. बदललेले जुने भाग परत मागा. कामाची हमी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या. आणि घरातल्या त्या हौशी मुलीला मिस्त्रीच्या शेजारी उभं करा, पुढच्या वेळी गटाला त्याचा उपयोग होईल.

खर्चाचा आकडा हातात आला की तसंच चालू इंजिन किंवा तशीच जुनी गाडी कितीला मिळते, तेही विचारा. मग गटाच्या बैठकीत हे सगळं मांडा आणि ठराव लिहूनच गाडीला हात लावा. कारण गाडी एकीच्या दारात उभी असली, तरी तिचा हप्ता सगळ्याजणी भरतात.