अकरा महिन्यांच्या करारात बसणारं झाड

रूमवर एखादं झाड हवं असं वाटलं की आपण काय करतो? नर्सरीत जातो, फुलांनी लगडलेला गुलाब उचलतो, स्कूटीवर पायात ठेवून आणतो आणि स्टोरी टाकतो. दीड महिन्यानंतर उरते ती काटेरी काडी आणि ‘माझ्या हाताला झाड लागतच नाही’ हा समज. बरं, गुलाब जगलाच, तरी रेंट अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं. रूम सोडताना कुंडी कुठे नेणार?

त्यापेक्षा झिनियाच्या बियांचं एक पाकीट घ्या. मूळ मेक्सिकोचं हे झाड एकाच हंगामाचं असतं. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल, पुढे काही आठवडे फुलणं, मग वाळणं. म्हणजे ते शेवटी मरणारच असतं, त्याचा गिल्ट तुम्ही घ्यायचा नाही. गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला की पेरा. सेमिस्टरच्या परीक्षा येईपर्यंत गॅलरीत रंग दिसतील.

अट एकच, ऊन. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल, तर हे कात्रण सरळ गच्चीवाल्या मित्राला द्या. सावलीत झिनिया नुसता उंच वाढतो, फुलत नाही.

कुंडी विकत घ्यायलाच हवी असं नाही. रंगाची रिकामी बादली किंवा पाण्याचा कापलेला कॅनही चालतो, फक्त तळाला चार-पाच भोकं हवीतच. माती, कोकोपीट आणि शेणखत समप्रमाणात मिसळा. बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल टाका, वर चिमूटभर माती भुरभुरवा. जिथे वाढवायचं तिथेच पेरा, कारण मुळांना धक्का लागलेला या झाडाला आवडत नाही. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. पाकीट घेतानाच बुटकी जात मागितलीत, तर गॅलरीतल्या वाऱ्याला टेकू देत बसावं लागत नाही.

आता अवघड भाग, आणि तो मेहनतीचा नाही, मनाचा आहे. दहा बिया टाकल्या, आठ उगवल्या. आठ इंची कुंडीत त्यातलं एकच रोप ठेवायचं. बाकीची जिवंत, हिरवीगार रोपं कात्रीने मातीलगत कापायची. कुणाचाच हात धजत नाही. सगळी ठेवली जातात आणि मग सगळीच लुकडी राहतात. तीच गोष्ट शेंड्याची. रोप वीतभर झालं की पानांच्या तीन-चार जोड्या ठेवून वरचा शेंडा खुडायचा. पहिलं फूल थोडं उशिरा येईल, पण बाजूने फांद्या फुटतील आणि प्रत्येक फांदीवर कळी येईल.

फुलंही कापायचीच. झाड फुलतं ते बी धरण्यासाठी. बी तयार झालं की त्याचं काम संपतं. फूल कापलं की ते पुन्हा प्रयत्नाला लागतं. ग्लासात ठेवायला कापताना आधी फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवा. मान डुलली तर थांबा, देठ ताठ राहिला तर कापा. कच्चं कापलेलं फूल पाण्यात पुढे उमलत नाही.

पाण्याबाबत मात्र माया आवरा. बोट मातीत खुपसा, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्या. तेही बुंध्याशी, पानांवर नाही. हवा दमट राहिली आणि खेळली नाही की पानांवर पांढरी पावडर टाकल्यासारखी भुरी धरते. अवकाशातसुद्धा यातून सुटका नाही! आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०१५च्या अखेरीस झिनिया लावले होते. ओल जास्त झाली, पानांवर बुरशी आली, काही रोपं गेली. स्कॉट केली या अंतराळवीराने उरलेल्यांची देखभाल केली, हवा खेळती राहावी म्हणून पंख्याचा वेग वाढवला गेला आणि जानेवारी २०१६मध्ये तिथे नारिंगी फूल उमललं. तुमच्याकडे निदान गॅलरी तरी आहे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका म्हणजे झालं.

शेवटची दोन-तीन फुलं कापू नका, झाडावरच तपकिरी, कोरडी होऊ द्या. मग पाकळी ओढा. तिच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी असतं. कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. रूम सोडताना हे पाकीट बॅगेच्या खिशात मावतं, नाहीतर पुढच्या पार्टनरसाठी खिडकीत ठेवता येतं. फक्त मूळ पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘हायब्रीड’ लिहिलेलं असेल, तर या बियांतून अगदी तसंच फूल येईल याची गॅरंटी नाही. गुलाबी लावला तर भलताच रंगही निघू शकतो.