युद्धात बोट बुडाली, खलाशी मेला; मग तो 'माजी सैनिक' का नाही?

आपल्या रिद्धपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. वऱ्हाडात बोटीवर नोकरी केलेला म्हातारा शोधूनही लवकर सापडायचा नाही. पण वऱ्हाडचा कापूस मात्र दीडशे वर्षांपूर्वीच बोटीवर चढला. १८६९ ला सुएझ कालवा सुरू झाला, १८७० ला खामगावपर्यंत रेल्वे आली आणि आपल्याकडच्या गाठी मुंबई बंदरातून विलायतेला भराभर जाऊ लागल्या.

त्या आगबोटींवर राबत कोण होतं? कंपनी ब्रिटिश, कॅप्टन ब्रिटिश, पण खालची बरीच माणसं आपलीच. त्यांचीच ही गोष्ट.

कोण होते हे खलाशी?

इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. हा शब्द फारसीतून आला, आपल्या 'लष्कर' या शब्दाचा सख्खा भाऊच. म्हणजे नावातच फौज होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असायची. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी, त्यात मुसलमान दर्यावर्दी पुष्कळ. त्यांचा मुकादम म्हणजे सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. खाली इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, हे बरेचसे पंजाबकडचे. जेवणघरात आणि प्रवाशांच्या सेवेला गोव्याची माणसं.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात गोऱ्या खलाशाला झोपायला ७२ घनफूट जागा होती, तर लस्कराला ३६. बोट एकच, समुद्र एकच, पण जागा बरोबर निम्मी.

मग ते तिकडेच का राहिले नाहीत?

काही राहिलेही. पण करारातच अट असायची की खलाशाची नोकरी हिंदुस्थानच्या बंदरात येऊनच संपणार. लंडनला किंवा लिव्हरपूलला उतरून दुसरं काम धरायचं, तर बोट सोडून पळावं लागे.

असे पळालेले खलाशी ब्रिटनच्या बंदरांत स्थायिक झाले, काहींनी तिथेच लग्नं केली. मग १९२५ ला ब्रिटन सरकारने एक आदेश काढला. ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद दाखवता न येणाऱ्या, गोरे नसलेल्या खलाशांनी परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी करावी. हिंदुस्थान तेव्हा ब्रिटिशांच्याच ताब्यात होता, तरी कागद नसला की तिथली माणसं परकी.

युद्ध आलं तेव्हा काय झालं?

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. म्हणजे साधारण दर चौघांमागे एक. धान्य, तेल, दारूगोळा, फौजा, सगळं याच बोटींतून जायचं. त्यामुळे जर्मन पाणबुड्यांचा पहिला निशाणाही त्याच. आणि टॉर्पेडो लागला की भट्टीजवळच्या आगवाल्याला वर यायला सगळ्यात कमी वेळ.

१९३९ च्या शेवटी अनेक बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले. मरणाच्या वाटेवर जायचं तर पगार तरी नीट द्या, एवढीच मागणी. पगार वाढला, पण काहींना तुरुंगही झाला.

सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' ही बोट कॅनडाला निघाली होती. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी तिच्यातून ९० इंग्रज मुलं पाठवली होती. पाणबुडीने ती बुडवली आणि त्यातली ७७ मुलं गेली. जगभर हळहळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच बोटीवरचे शंभरच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, हे किती जणांना माहीत आहे? ४६ जणांची एक होडी आठ दिवस समुद्रात तरंगत राहिली आणि वाचली. तिच्यातही बहुतेक हिंदी खलाशीच होते.

त्या संपूर्ण युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी मेले. हजाराहून जास्त कैदी झाले.

तरी ते सैनिक नाहीत?

कागदावर नाहीत. ते खासगी कंपनीचे नोकर, अंगावर लष्करी गणवेश नाही. आपल्याकडे माजी सैनिक म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलातून आलेला माणूस. व्यापारी जहाजावरचा खलाशी त्यात बसत नाही.

बाकी देशांतही हा वाद झाला. अमेरिकेत कोर्टात लढल्यावर १९८८ ला दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी खलाशांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला. तोवर युद्ध संपून ४३ वर्षं झाली होती. ब्रिटनही आता लष्करी मोहिमेत काम केलेल्या व्यापारी खलाशाला माजी सैनिक मानतं. हा दर्जा मिळेपर्यंत कोकणातल्या कितीतरी घरांत तो मागायला कुणी उरलंच नव्हतं.

नावं तरी कुठे आहेत?

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे. पण हिंदी खलाशांची नावं शोधायची तर मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये यावं लागतं. तिथे दोन्ही महायुद्धांत समुद्रातच राहिलेल्या, कबर नसलेल्या खलाशांची नोंद आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर ही नावं घरबसल्याही शोधता येतात.

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९१९ ला याच दिवशी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली होती. त्या दिवशी जहाजांचे फोटो सगळेच टाकतात. तुमच्या ओळखीत कोकणातलं किंवा गोव्यातलं कुणी असेल, तर एक विचारून बघा, "तुमच्या घरातून बोटीवर कोण गेलं होतं?" नाव कळलं, तर यादीत नक्की शोधा.