दिवा का लागत नाही?

प्रॅक्टिकलच्या तासाला सर्किट चाललं नाही, की मुलं दोन गोष्टी करतात. शेजारच्याच्या बोर्डात डोकावतात, नाहीतर हात वर करून सरांची वाट पाहतात. बॅच वीस जणांची, सर एकटे. ते पोहोचेपर्यंत तास संपत आलेला असतो. मग जर्नलमधली रीडिंग्ज कुठून येतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच!

आता मुलांच्या हाती एक नवा मदतनीस आला आहे. लिहिलेलं वाचणारा, बोललेलं ऐकणारा आणि फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवलेलं पाहणारा संगणकीय सहायक. चॅटजीपीटीला फोटो दाखवून प्रश्न विचारण्याची सोय २०२३ साली झाली. त्याच वर्षी डिसेंबरात गूगलचं जेमिनी आलं. यांच्याशी मराठीतही बोलता येतं, हे विशेष. पण या सहायकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही?

एक नेहमीचा प्रयोग घेऊ. ब्रेडबोर्डवर ५५५ ही आठ पायांची आयसी लावून छोटा एलईडी दिवा मिचकवायचा. आयसी उलटी बसली, किंवा दोन आणि सहा नंबरच्या पायांना जोडणारी तार राहून गेली, तर स्पष्ट फोटोवरून सहायक अशी चूक बरेचदा ओळखतो. रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्यांपाशी मात्र तो अडखळू शकतो. लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२० ओहम, लाल-लाल-लाल म्हणजे २२००. पिवळट उजेडात तपकिरी लालसर दिसतो, आणि दिव्याला हवा त्याच्या दहापट विरोध लागला तर तो मंदच लागणार.

खरी गंमत पुढे आहे. काही लांब ब्रेडबोर्डांच्या कडेची, वीजपुरवठ्याची पट्टी आतून मधोमध तुटलेली असते. वरून भोकांची रांग दिसते. डावीकडे ५ व्होल्ट, उजवीकडे शून्य! फोटो पाहून सहायक खुशाल सांगेल, ‘जोडणी बरोबर आहे.’ त्याचं चूक नाही. फोटोत तारा दिसतात, व्होल्टेज दिसत नाही. मल्टिमीटरची दोन टोकं लावली की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

म्हणून ‘माझं कुठे चुकलं?’ हा प्रश्न त्याला विचारूच नये, असं माझं मत आहे. ‘आधी कुठे मोजू?’ असं विचारावं. तिथे किती यायला हवं, तो आकडा मुलानं स्वतः वहीत लिहावा आणि मगच मीटर लावावा. आठ नंबरच्या पायावर ५ अपेक्षित आणि आले शून्य, तर शोध पुरवठ्याकडे वळतो. ५ आले, तर तीन नंबरच्या पायावर काटा हलतो का, ते पाहायचं. जुने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर असेच टप्प्याटप्प्यानं जात. त्यांना फोटो काढावा लागत नसे, एवढंच.

२३० व्होल्टची जोडणी मात्र फोनला विचारून हाताळायची नाही. तिथे सर समोर हवेत.

आणि तोंडी परीक्षेत सरांनी एक करून पाहावं. चालू सर्किटमध्ये एक दोष मुद्दाम पेरावा, फोन टेबलावर ठेवायला सांगावा आणि मुलाच्या हाती मीटर द्यावा.