मधली पेढी कोणाची?

कचेरीतला संगणक अडला की पूर्वी दुरुस्तीवाला पिशवी घेऊन येत असे. आता तो आपल्या जागी बसूनच समोरच्या यंत्राचा पडदा पाहतो, बाण हलवतो आणि काम उरकतो. यास रिमोट डेस्कटॉप म्हणतात. सोय मोठी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मधल्या पेढीचा.

दूरच्या दोन संगणकांची गाठ घालून देण्यास बहुधा तिसरा संगणक, म्हणजे सर्व्हर लागतो. बाजार समितीतला अडत्या शेतकरी व व्यापारी यांच्यामध्ये बसतो, तसा हा. मजकूर कुलूपबंद असला तरी कोणी कोणाचे यंत्र केव्हा उघडले, हे या अडत्यास कळते. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारखी साधने सामान्यपणे घेतली तर ही पेढी त्या कंपनीची. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्कच्या यंत्रणेत परक्यांनी शिरकाव केल्याचे जाहीर झाले आणि तिच्या ग्राहक-खात्यांचे परवलीचे शब्द सरसकट रद्द करावे लागले.

ही पेढी स्वतःच्या जागेतही मांडता येते. रस्टडेस्क नावाच्या साधनाचा सर्व्हर फुकटही मिळतो व विकतही. मग पैसे कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. विकतच्या सर्व्हरात कोणी कोणते यंत्र उघडावे याची मर्यादा घालता येते, आणि कोण केव्हा आत आला याची नोंदवही राहते. शिवाय रात्री जागून त्या साधनातली भगदाडे बुजवणाऱ्यास वेतन मिळाले पाहिजे. हे आम्ही नाही सांगायचे तर कोणी?

आम्हांस नोंदवहीचे महत्त्व अधिक वाटते. गिरणीत हजेरीपटावरून जितकी भांडणे झाली तितकी क्वचितच कशावरून झाली असतील. उद्या एखाद्या कारकून भगिनीने विचारले, "माझा पडदा काल कोणी पाहिला?" तर "नोंद बाहेरच्या कंपनीकडे आहे" ही सबब मालकास उरत नाही. मात्र यंत्रावर कायमचा परवलीचा शब्द ठेवला की न विचारता आत येता येते. म्हणून माणूस खुर्चीत असताना त्याने होकाराचे बटण दाबल्याखेरीज पडदा उघडू नये, आणि नोंदवही कामगार प्रतिनिधीस पाहता यावी, अशी अट करारात घालून घ्यावी.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी 2024 मध्येच स्क्रीनकनेक्ट या साधनात प्रवेशाची तपासणी चुकवता येईल असे भगदाड निघाले. कंपनीने आपल्या ताब्यातले सर्व्हर स्वतः दुरुस्त केले; ज्यांनी ते घरी मांडले होते त्यांना हे काम आपले आपणच करावे लागले. स्वतःच्या पेढीस राखणदार लागतो तो असा. ते काम कोणा टंकलेखकाच्या माथी "जाता जाता कर" म्हणून मारू नये. त्याचे तास धरावेत व त्याचे शिक्षण द्यावे. रस्टडेस्कच्या सर्व्हरची किल्ली दोन लहान फायलींत असते. तिची प्रत त्याने निराळ्या जागी ठेवावी. ती हरवली, तर नवा सर्व्हर उभा करताना प्रत्येक संगणकापाशी पुन्हा जावे लागते, आणि तेव्हा पिशवी घेतल्यावाचून सुटका नाही.