ट्रॅक्टरच्या पत्र्यावरील रंगाचे टवके

ऊस वाहतुकीचा हंगाम संपला म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मडगार्डच्या कडांवर व ट्रॉलीच्या फाळक्यांवर रंगाचे टवके उडालेले दिसतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरीने सुमारे ५५० मि.मी. पडतो. त्यामुळे येथे लोखंड फारसे गंजत नाही असा समज आहे. पण तो पुरता खरा नाही. गंजास पाणी व प्राणवायू लागतात, आणि क्षारांची जोड मिळाल्यास तो झपाट्याने वाढतो. खताची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीच्या कोपऱ्यांत सांडलेले पोटॅश पावसाळी हवेत ओल धरते आणि तेथूनच पत्रा खाल्ला जातो. खत वाहिल्यावर ट्रॉली धुण्याचा कंटाळा हेच पुष्कळदा याचे मूळ असते.

टवक्यावर इंजिनचे जळके तेल चोपडण्याची रीत आहे. तेल काही दिवस पाणी अडविते. परंतु त्यावर धूळ बसते व पुढे रंगही धरत नाही. गंजावरच रंग फासणे याहून वाईट, कारण गंज आतल्या आत पसरतो व वर्षभरात फुगवटा येतो.

मृगापूर्वी हे काम घरी करता येते. जागा साबणाने धुऊन वाळवावी व टर्पेंटाइनच्या फडक्याने तेलकटपणा काढावा. नंतर पॉलिश कागद पाण्यात भिजवून, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासावे. टवक्याची कड बोटास लागणार नाही इतकी उतरती करावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, मुलांना दूर ठेवावे व काम झाल्यावर हात धुवावेत. घासलेली जागा पूर्ण वाळताच, शक्यतो त्याच दिवशी, तीवर रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. उघडे लोखंड रात्रभर तसेच राहू देऊ नये. खड्डा खोल असल्यास प्रायमर वाळल्यावर रंगाऱ्याची लांबी भरून घासावी व पुन्हा प्रायमरचा हात द्यावा. शेवटी इनॅमल रंगाचे दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, असे द्यावेत. एकच जाड हात ओघळतो.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या ट्रॅक्टरचा पत्रा हाताला चटका देतो. अशा पत्र्यावर रंग ब्रशखालीच सुकतो व रेघा उमटतात. काम सकाळी, सावलीत करावे. वारा सुटल्यास काळ्या रानाची धूळ ओल्या रंगावर बसते. म्हणून गोठ्याच्या आडोशाला, जमिनीवर पाणी शिंपडून रंग द्यावा.

पत्र्यास आरपार भोके पडली असल्यास मात्र रंगाने काही साधत नाही. तेथे वेल्डिंग करून नवा तुकडा जोडावा लागतो.